शटर अर्धं खाली

रात्री नऊनंतर दांडिया बाजारातलं माझं झेरॉक्सचं दुकान
किल्ला होतं.
मशीन अजून कोमट असतं, त्यावर आम्ही नकाशा पसरतो,
पाठकोऱ्या, बिघडलेल्या प्रतींवर काढलेला.
उजेडात धरला तर नदीखालून
कुणाच्या तरी मार्कशीटचे आकडे दिसतात.

हेतवी, येत्या गुरुवारपासून खेळ तू चालवणार,
म्हणून सांगते. लिहून घेऊ नकोस.

पहिल्या वर्षी मी वही भरून आणायची.
राजा कुठे मरणार, पूल केव्हा तुटणार,
खलनायकाचं भाषण तर दीड पान.
आणि सैफुद्दीननं दुसऱ्याच मिनिटाला त्या खलनायकाला विचारलं,
"जेवलास का?"
सगळे हसून लोळले. मी रुसले.
घरी जाताना न्यायमंदिरापाशी सिग्नलला थांबले
तेव्हा कळलं, त्या रात्रीचा खरा प्रश्न तोच होता
आणि माझ्या दीड पानात त्याचं उत्तर नव्हतं.

तेव्हापासून मी शेवट आणत नाही.
माणसं आणते, काहीतरी हवं असलेली,
आणि एकाचं हवंसं दुसऱ्याच्या खिशात ठेवते.

फासा टाकायला सांगण्याआधी बघ,
हरला तरी गोष्ट हलेल ना?
कुलूप उघडलं नाही, एवढंच होणार असेल
तर फासा मुठीतच राहू दे.
कुलूप उघडलं, पण आत आधीच कुणी बसलंय –
आता बघ, सगळे खुर्च्या पुढे ओढतात.

मृगेशची रात्र तुला माहीत नाही, तू तेव्हा सुरतेला होतीस.
त्याचा पहारेकरी वेशीवर. बाहेर पूर.
नदीचं नाव मी बदललं होतं,
मगरी विश्वामित्रीतल्याच ठेवल्या.
दाराबाहेर धाकटा भाऊ, सात वर्षांनी आलेला.
दार उघडलं तर पाणी आत, आत दोनशे माणसं.
भावाचा आवाज मी काढायचा होता.
"दादा, मी आलोय."
एवढंच म्हटलं. हळू.

मृगेशनं वीस बाजूंचा फासा उचलला,
तोच, ज्याचा कोपरा सैफनं फरशीवर आपटून उडवलाय.
मी त्याच्या मुठीवर हात ठेवला.
इथे फासा नाही, म्हटलं. इथे तू.

मग मी काय केलं? काहीच नाही.
हेच सगळ्यात अवघड, बाई.
जीभ वळवळते, पावसाचं वर्णन करावं, वीज पाडावी.
मी मशीनच्या हिरव्या दिव्याकडे बघत बसले.
बाहेर सेवउसळवाला पातेलं घासत होता.

मधोमध तो पिवळा कागद असतो ना,
हात लावला की प्रसंग तिथेच थांबतो, कारण विचारायचं नाही,
मृगेशनं त्याकडे पाहिलं.
मी कागद बोटभर त्याच्याकडे सरकवला.
त्यानं परत ढकलला.
आणि पहारेकऱ्याच्या नव्हे,
अलकापुरीतला फ्लॅट विकताना सख्ख्या भावाशी भांडलेल्या माणसाच्या आवाजात म्हणाला,
"दार नाही उघडत.
मी भिंतीवरून खाली उतरतो. बाहेर. त्याच्यापाशी."

हा रस्ता माझ्या डोक्यात कधीच नव्हता.

मी तिथेच तोडलं.
दोघं वाचले की बुडाले, अजून सांगितलेलं नाही.
सैफ टेबलावर हात आपटत, "अरे पण पछी?"
मी दिवे लावले, चहा मागवला,
प्रत्येकाला त्याच्या घरच्या नावानं हाक मारली.
हे विसरू नकोस. काही जणांना परतायला वेळ लागतो.

मृगेश दोन गुरुवार आला नाही.
तिसऱ्या सोमवारी दुपारी आला, भर गर्दीत,
स्टॅम्पपेपर पुढे केला,
दोन प्रती काढ म्हणाला.
मी उलटा ठेवला काचेवर, वाचला नाही.
पैसे घेतले. चार रुपये.

कोपरा उडालेला फासा तुझ्याकडे ठेव.
त्यावर वीस कधी पडत नाही, असं सगळे म्हणतात.
पडतं.
एकदा पडलंय, दुकानात मी एकटीच होते तेव्हा.